आजच्यापुरती भाकर

आजी भाकर थापायची तेव्हा प्रभूची प्रार्थना म्हणायची. मुद्दाम नव्हे, पहाटे चूल पेटवून काटवट पुढे ओढली की तिचे ओठ आपोआप हलायला लागत. आकाशातल्या बापाला हाक मारून होईपर्यंत पिठात ऊन पाणी पडलेलं असे. राज्य येवो म्हणेपर्यंत उंडा मळून तयार असे, आणि भाकरीची मागणी यायची ती नेमकी थापता थापता. तो शब्द आला की थाप जरा जोरात पडते, असं मला वाटे. मी चुलीपाशी बसून ऐकायचे. कित्येक वर्षं माझी समजूत अशी होती की ही प्रार्थना भाकरी करतानाच म्हणायची असते, जात्यावरच्या ओवीसारखी, आणि रविवारी देवळात सगळे ती म्हणतात ते आजीचं ऐकून.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं केलं आणि तिथून खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या. आमची त्यांतलीच एक. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा आमची मंडळी त्यात गेली. बाहेरच्या पाटीवरचं नाव बदललं. आत बाजा तोच, गीतांचं पुस्तक ‘उपासना संगीत’ तेच, आणि उपासना सुटल्यावर एकमेकांना सलाम करून दारात घटकाभर बोलत उभं राहणंही तेच.

प्रभूच्या प्रार्थनेत जिथे आपण भाकर म्हणतो, तिथे मूळ ग्रीक शब्द आहे आर्तोस. तो पावाला चालतो, रोटीला चालतो, एकूण अन्नालाही चालतो. आमच्या बायबलात भाकर आली. भाकरीसुद्धा नव्हे, भाकर. आमच्याकडे आणि मराठवाड्यात घरात बोलतात तशी. ज्या कुणी हा शब्द निवडला त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. अन्न म्हटलं असतं तरी अर्थ कळला असता, पण त्या अर्थाला आराला लावलेल्या भाकरीचा वास आला नसता.

आणि तो वास तिथे मुळातच होता. पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या, हे सांगतो एकटा योहान. जव म्हणजे तिकडचं गरिबाचं धान्य. ऐपत असेल त्याने गहू खावा, बाकीच्यांनी जव. आपल्याकडची ज्वारी-बाजरीच ती. मवाबी विधवा रूथ आपल्या सासूबरोबर बेथलेहेमात आली, ती जवाची कापणी सुरू होताना. आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचू लागली. सरवा म्हणजे काय, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. आजीने वेचलाय, आईने वेचलाय, लहानपणी परकराच्या ओच्यात कणसं गोळा करत मीही वेचलाय. शेताच्या कडेचं पीक कापू नका, खाली पडलेलं उचलू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असा मोशेच्या नियमशास्त्रात हुकूमच आहे. बेथलेहेम या नावाचा हिब्रूतला अर्थ भाकरीचं घर. सरवा वेचणाऱ्या त्या परक्या बाईच्या वंशात दावीद जन्मला, आणि दाविदाच्या वंशात, त्याच गावात, आपला प्रभू. नाताळात गोठा सजवताना मी गव्हाणीशेजारी ज्वारीचं एक कणीस ठेवते. ते रूथसाठी.

भाकरीच्या आधीचा ‘रोजची’ हा शब्द मला फार उशिरा अडला. तिथला ग्रीक शब्द आहे एपिऊसिओस, आणि तो या प्रार्थनेबाहेर जवळजवळ कुठेच सापडत नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनचं सगळं लिहिणं-बोलणं ग्रीकमध्ये. तोही सांगतो की हा शब्द लोकांच्या बोलण्यात नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. जेरोमच्या लॅटिन बायबलात लूकच्या शुभवर्तमानात त्याचा अर्थ ‘रोजची’ असा आहे आणि मत्तयमध्ये त्याच शब्दाचा अर्थ भौतिकापलीकडची, असा. आजची, उद्याची, जगण्यापुरती, स्वर्गातली; विद्वान यावर शतकानुशतकं लिहीत आले आहेत. मी त्यातलं थोडंफार वाचलंय आणि त्या मेहनतीपुढे माझी मान लवते. पण आजीला एकच अर्थ ठाऊक होता आणि तो तिला मराठीने दिला होता. आमच्याकडे रोज म्हणजे दिवस, आणि रोज म्हणजे दिवसाची मजुरीही. ‘कुणाच्या रोजानं चाललीस?’ ‘आज रोज किती पडला?’ तेव्हा रोजची भाकर म्हणजे त्या दिवसाच्या रोजातून संध्याकाळी घरी येणारी भाकर. रोज बुडाला की चूल बुडाली.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला ती याच प्रार्थनेला जोडून सांगे. कुणी सकाळी कामाला लागला, कुणी दुपारी, कुणी दिवस मावळायला तासभर असताना. धन्याने सगळ्यांच्या हातावर सारखाच दिनार ठेवला, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरले. संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं की हा दाखला देवाच्या कृपेचा आहे, आणि ते खरंच आहे. आजी मात्र म्हणे, ‘अगं, उशिरा आलेल्याच्या घरीबी लेकरं आहेतच की. अर्ध्या रोजात लेकरांना अर्धीच भूक लागती का?’ कृपेवर मी पुढे पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्या शब्दाचा वजनकाटा म्हणून अजून आजीचं हे वाक्यच मनात ठेवते.

१९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई आणि आजी दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आम्हा पोरांना सुकडी मिळे. रेशनवर मिलो येई, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. मिलोच्या भाकरीच्या कडा चिरायच्या. कितीही ऊन पाणी घाला, कितीही मळा, पिठाची विरी गेल्यासारखी ती हातातच फुटायची. आजी फुटलेल्या कडा पाण्याच्या बोटाने सांधत बसे आणि प्रार्थना चालू असे. भाकरी मोजून होत, माणशी एक. एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि दारात कामावरची एक बाई आली, कडेवर एक, बोटाला एक. आई गप्प राहिली. आजीने टोपल्यातल्या सगळ्या भाकरी काढल्या, चतकोर केले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाढायला घेतलं. मी रडले. माझी भाकर अख्खी होती, ती माझ्या ताटातून उचलली होती. आजी म्हणाली, ‘सकाळी काय मागितलंस? आम्हाला दे म्हणालीस, का मला दे म्हणालीस?’

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. नंतर कधीतरी प्रार्थना मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिली. तिच्यात एकदाही ‘मी’ येत नाही, ‘माझं’ येत नाही. एकट्याने खोलीचं दार लावून म्हटली तरी ती अनेकवचनातच म्हणावी लागते.

इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळे, त्याची गोष्टही तीच. जास्त गोळा केला त्याचं उरलं नाही, कमी गोळा केला त्याला कमी पडलं नाही. सकाळपर्यंत ठेवलं त्याला किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट, कारण दुसऱ्या दिवशी विसावा. साठवणीचा धाक माणसाच्या पोटातून काढायला देवाला चाळीस वर्षं लागली. माझ्या घरात आज दोन महिन्यांचं धान्य आहे, बँकेत थोडे पैसे आहेत, आणि आजच्यापुरतं दे असं मी रोज म्हणते. म्हणताना जीभ अडखळते. ती अडखळावी, असंच मला वाटतं.

आता जे सांगायचं आहे ते जड आहे. पोटासाठी बाटले. भाकरीसाठी धर्म सोडला. हे मी शाळेच्या मैदानावर ऐकलं, तेव्हा घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. पुढे शिकल्या-सवरल्या माणसांच्या तोंडून सभ्य शब्दांत ऐकलं. आमच्यातलेही पुष्कळजण यावर खाली मान घालतात, किंवा आमचे पूर्वज विचारपूर्वक आले होते, असं घाईने सांगतात. विचारपूर्वक आलेले होतेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक होते, आणि कितीतरी अशी महार-मांग कुटुंबं होती, ज्यांनी गावकीचा अपमान सोसून हा निर्णय घेतला आणि त्याची किंमत मोजली. पण आजीची आई विचारपूर्वक आली नव्हती. ती सहा वर्षांची होती. १८९९-१९००च्या दुष्काळात तिचं सगळं घर संपलं आणि कुणीतरी तिला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं. त्या काळात अशी मुलं पुष्कळ. त्याच्या थोडं आधी, १८९६-९७मध्ये, पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागांत फिरून उपाशी मुली आणि बायका सोबत घेऊन आल्या होत्या. पुण्याजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन त्यांच्यासाठीच वाढलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली बाहेर पडलं. त्याचे खिळे मुक्तीतल्याच बायकांनी जुळवले होते. भाकरीसाठी आलेल्या बायकांच्या हातांनी.

आजीच्या आईला म्हातारपणी कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही ख्रिस्ती का झालात? ती म्हणाली होती, ‘भूक लागली होती. ज्यानं खाऊ घातलं त्याच्यापाशी राहिले.’ हे वाक्य आमच्या घरात चार पिढ्या सांगितलं जातंय. मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही. का वाटत नाही ते सांगते.

योहानाच्या सहाव्या अध्यायात, भाकरीचा चमत्कार झाल्यावर, लोक प्रभूच्या मागे समुद्रापार जातात. तिथे तो त्यांना बोलतो, तुम्ही मला शोधता ते पोटभर खायला मिळालं म्हणून. आम्हाला टोमणा मारणाऱ्याला हा उतारा ठाऊक असता तर त्याने तोच तोंडावर फेकला असता. मीही या उताऱ्यापाशी बरीच वर्षं अडकून होते. मग एकदा क्रम लक्षात आला. बोलणं दुसऱ्या दिवशीचं आहे. आदल्या दिवशी त्याने पाच हजारांना गवतावर बसवलं तेव्हा कुणाला विश्वास विचारला नव्हता, गाव विचारलं नव्हतं, उद्या येणार का हेही विचारलं नव्हतं. आधी सगळे तृप्त झाले, उरलेले तुकडे बारा टोपल्या भरले, आणि मग जीवनाच्या भाकरीची शिकवण झाली. याइराची मुलगी मरणातून उठली तेव्हा भोवतालचे थक्क होऊन बघत राहिले. तिला काहीतरी खायला द्या, हे सुचलं फक्त त्याला. स्वतः कबरेतून उठून शिष्यांपुढे आला तेव्हा त्यानेही विचारलं, इथे काही खायला आहे का, आणि भाजलेला मासा त्यांच्यासमोर खाल्ला. ज्या देवाला भुकेची ओळख आहे, त्याच्याकडे भुकेपोटी जाणं हे हलकं जाणं नव्हे. हलकं ते, की मूल मरत असताना त्याच्या तोंडात घास न घालणं आणि पुढे शंभर वर्षं त्याच्या लेकी-नातींना त्या घासाचा हिशोब विचारणं.

भाकर कुणाच्या हातची, यावर आपल्या देशात माणसं तोडली गेली. पोर्तुगीजांच्या काळात विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यालेलं सगळं गाव बाटलं, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती कितपत घडली हा भाग वेगळा. पण पावाच्या एका तुकड्याने माणूस घराबाहेर पडतो, हे ऐकणाऱ्यांना खरं वाटत होतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त मला सगळ्यांत हलवून टाकतो तो त्यांचा सोवळ्यातून बाहेर येण्याचा प्रवास. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी सोवळं होतंच. मग हळूहळू आतून ते गळून पडलं आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्मसिद्धान्त त्यांना कितपत पटले होते मला माहीत नाही, पण कुणाच्याही हातचं खाता येऊ लागलं तिथेच त्यांचा खरा बाप्तिस्मा झाला, असं मी मानते.

आणि तरी आमच्या प्रभुभोजनाच्या मेजावर भाकर नसते. महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढऱ्या कापडाखाली असतो बेकरीचा पाव, कडा काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे केलेला, आणि मनुका उकळून काढलेला रस. पाळकसाहेब तो उचलतात आणि म्हणतात भाकर. मूळच्या वल्हांडणाच्या जेवणात बेखमीर भाकर होती; आमची घरातली भाकर तर रोजच बेखमीर. जगभरच्या मंडळ्यांनी या तुकड्यावरून किती वाद केले! १०५४ साली पूर्वेकडचं आणि पश्चिमेकडचं चर्च दुरावलं, त्यात खमीर हाही एक मुद्दा होता. १५२९ साली मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली ‘हे माझं शरीर आहे’ यातल्या एका ‘आहे’ या क्रियापदावर अडले, ते एक झाले नाहीत. कॅथलिक नियमाने ती भाकर गव्हाचीच हवी. मी यातलं काही क्षुल्लक मानत नाही. माणसं आपल्या जिवाच्या गोष्टींवरच असं भांडतात.

मग २०२० आलं. देऊळ बंद. ९ एप्रिलला पवित्र गुरुवार होता. पाळकसाहेबांनी फोनवरून सगळ्या घरांना सांगितलं: प्रभुभोजन मंडळी जमेल तेव्हा करू, घरी करू नका, पण आज संध्याकाळी घरात जी भाकर असेल ती घ्या, प्रार्थना करा आणि वाटून खा, त्याला प्रीतिभोजन म्हणा. आई तेव्हा ७८ वर्षांची होती. तिने ज्वारीची एक भाकर केली, हात थरथरत होते तरी गोल केली. पापुद्रा टम्म फुगला. स्टीलच्या ताटात ती ठेवून आम्ही दोघी समोरासमोर बसलो. आईने डोक्यावर पदर घेतला, प्रभूची प्रार्थना म्हटली आणि भाकर मोडली. मोडताना आतली वाफ वर आली. पावाच्या तुकड्यातून वाफ कधी आलेली मी पाहिली नव्हती.

ते प्रीतिभोजन होतं, की दुसरं काही, हे मी कुणाला विचारलं नाही. पाळकसाहेबांचं सांगणं मी मोडलं नाही, मोडणारही नाही. मंडळीशिवाय प्रभुभोजन नाही, हे मला पटतं. एवढंच आठवलं की अम्माऊसच्या वाटेवर दोघांना बरोबर चालणारा ओळखू आला नव्हता. सगळी शास्त्रं समजावून सांगितली तरी नाही. तो ओळखू आला संध्याकाळी, एका घरात, भाकर मोडताना. त्यांतल्या एकाचं नाव क्लयपा. दुसऱ्याचं नाव लूकने लिहिलेलं नाही. ती त्याची बायको असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते खरं वाटतं, कारण ती भाकर कुणीतरी थापली असणार.

आमच्या मंडळीत बाजरी खळ्यावरून घरी आली की कापणीचा सण होतो. वेदीपुढे पोती, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, एखादी कोंबडी. उपासनेनंतर लिलाव, आणि आलेले पैसे मंडळीला. या वर्षी मी पास्टोरेट कमिटीला अर्ज दिला आहे: सणाच्या त्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावर आमच्या शेतातल्या ज्वारीची भाकर असावी. कमिटीतले एक वडीलधारे म्हणाले की तुकडे पडतील, चुरा होईल. दुसरे हळूच म्हणाले, ‘बाई, लोक म्हणतील, हे पुन्हा भाकरीवर आले.’ मी म्हटलं, म्हणू द्या, आम्ही रोज तीच तर मागतो. पाळकसाहेबांनी अर्ज ठेवून घेतला आहे. पुढच्या बैठकीत तो येईल.

त्या बैठकीला बसणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, होय म्हणा. भाकर आई थापणार आहे, बसून थापायला तिला अजून जमतं. ज्वारी मी निवडून ठेवली आहे. दळलेली नाही. पीठ ठेवलं की त्याची विरी जाते. ते त्याच दिवशी दळायचं.